गिऱ्हाईक नेमकं कोण? कोकणातल्या छोट्या धंद्यासाठी थोडं मार्केटिंग

मालवणहून देवबागकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना पाट्या सुरू होतात. एसी, नॉन-एसी, व्हेज, नॉनव्हेज, फॅमिली, ग्रुप, स्कूबा, डॉल्फिन, पार्किंग, वायफाय, आणि सगळ्यांच्या डोक्यावर ‘येवा, कोकण आपलाच असा’. घरमालकाचं नाव सोडलं तर एक पाटी झाकावी आणि दुसरी वाचावी, फरक काही नाही. कुडाळला माझं छपाईचं दुकान आहे, त्यामुळे असा मजकूर सतत हातातून जातो. “हे नेमकं कोणासाठी?” असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: “कोणासाठी म्हणजे? येतले तेंच्यासाठी!”

पाहुणचार म्हणून हे उत्तर सोळा आणे खरं. पण जाहिरातीला हात घालायचा तर ते पुरत नाही. सगळ्यांना बोलावणारी पाटी वाचून कोणालाच ‘ही आपली जागा’ असं वाटत नाही. मग माणूस फक्त दर विचारतो, आणि दरावर तर शेजारचा घरवाला कधीही आपल्यापेक्षा दोनशे रुपयांनी खाली येऊ शकतो.

मार्केटिंगची माणसं ज्याला ‘आयडियल क्लायंट’ म्हणतात, तो म्हणजे सगळ्यात श्रीमंत गिऱ्हाईक नव्हे, आणि सगळ्यात गोड बोलणाराही नव्हे. आपल्याकडे जे आहे त्याचीच ज्याला गरज आहे, जो त्याचे पैसे घासाघीस न करता देतो, गेल्यावर आणखी दोघांना सांगतो, आणि ज्याची सोय करताना आपल्या घरच्यांचा जीव मेटाकुटीला येत नाही, तो आपला माणूस. ही शेवटची अट मार्केटिंगच्या पुस्तकांत सहसा सापडत नाही. पण ज्या घरात सकाळचे घावणे आणि पाहुण्यांच्या चादरी एकाच बाईच्या हातून निघतात, तिथे ती पहिली असायला हवी.

कल्पना तशी जुनी आहे. १९५६ साली अमेरिकेत वेंडेल स्मिथ यांनी ‘जर्नल ऑफ मार्केटिंग’मध्ये लिहिलं की बाजार एकसारखा नसतो. त्यात वेगवेगळ्या गरजा असलेले छोटे छोटे बाजार असतात आणि प्रत्येकाकडे वेगळं बघावं लागतं. पुढे सॉफ्टवेअर बनवणारे ॲलन कूपर यांनी आणखी एक पाऊल टाकलं. ‘वापरणारे लोक’ असं मोघम म्हणण्यापेक्षा, प्रत्यक्ष बोलून मिळालेल्या माहितीतून एक माणूस उभा करायचा, त्याला नाव द्यायचं आणि त्याच्यासाठी वस्तू बनवायची. १९९०च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत फार गाजली.

आणि गाजलेल्या गोष्टीचं व्हायचं तेच झालं. लोकांशी बोलायचं राहिलं मागे, नाव तेवढं उरलं. ‘नेहा, वय ३२, पुणे, आयटी, कॉफी आणि ट्रेकिंगची आवड’ असा तक्ता कोणीतरी खुर्चीत बसून भरतो आणि प्रेझेंटेशनमध्ये चिकटवतो. मला विचाराल तर या नेहाचा उपयोग शून्य. तिला कॉफी आवडते हे कळून आपण उद्या वेगळं काय करणार?

वय आणि पगार यावर गाडी अडते ती इथेच. ठाण्याचा एक चाळिशीतला इंजिनियर घ्या. मे महिन्यात तो बायको, दोन मुलं आणि आईला घेऊन येतो. डिसेंबरात कॉलेजच्या पाच मित्रांबरोबर येतो. फेब्रुवारीत लग्नाच्या वाढदिवसाला दोघंच येतात. माणूस तोच, पगार तोच, फोन नंबरही तोच. पण मे महिन्यात त्याला कमोड, गरम पाणी आणि मुलांसाठी बिनतिखटाचं जेवण हवं असतं. डिसेंबरात अंगणात उशिरापर्यंत बसायची मुभा हवी असते. आणि फेब्रुवारीत शेजारच्या खोलीत असे पाच मित्र मुळीच नको असतात! म्हणून ‘आपलं गिऱ्हाईक कोण’ यापेक्षा ‘आपल्याकडे कोणत्या निमित्ताने, कोणाला बरोबर घेऊन आलेला माणूस खूश होऊन जातो’ हा प्रश्न जास्त कामाचा.

वही काढा

उत्तर कल्पनेतून काढायचं नाही. ते घरातच पडलेलं असतं, पाहुण्यांच्या नोंदवहीत आणि फोनमध्ये. गेल्या दोन हंगामांची वही घेऊन बसा. प्रत्येक मुक्कामासमोर लिहा: कुठून आले, कोण कोण होते, किती रात्री राहिले, कोणत्या वारी आले, जेवले का, नंबर कोणाकडून मिळाला, परत आले का. शेजारी पेन्सिलीने आणखी एक खूण करा, गेल्यावर घरात ‘सुटलो’ झालं की ‘पुन्हा येऊदेत’ झालं. घरातल्या बायकांना विचारून ती खूण करा, कारण बुकिंग घेणाऱ्या पुरुषाला पाहुणे बरेच वेळा चांगलेच वाटतात.

मग थोडा हिशोब. धरा, चार खोल्या आहेत. महिन्याच्या ३० रात्री म्हणजे १२० खोली-रात्री. शुक्रवार-शनिवार मिळून आठ-नऊ रात्री, त्या पूर्ण भरल्या तरी जास्तीत जास्त ३६. उरलेल्या ८४चं काय? मे महिना, दिवाळीची सुट्टी आणि नाताळ ते ३१ डिसेंबर हा आठवडा सोडला तर शनिवारचा पाहुणा जाहिरात न करताही येतोच. त्याला आणण्यासाठी पैसे घालणं म्हणजे येणाऱ्यालाच पुन्हा बोलावणं. जाहिरातीचा पैसा त्या मंगळवार-बुधवारच्या रिकाम्या खोलीवर लावायचा असतो. म्हणजे ज्याच्यासाठी जाहिरात करायची तो माणूस आपला नेहमीचा पाहुणा असेलच असं नाही. ही गोष्ट इतकी साधी आहे, तरी नियोजनात सगळ्यात जास्त वेळा निसटते.

मंगळवारी कोण मोकळं असतं? निवृत्त जोडपी. शाळेत न जाणारी लहान मुलं असलेली घरं. घरून काम करणारे. सड्यावरची, म्हणजे खडकाळ पठारावर कोरलेली जुनी कातळशिल्पं बघत हिंडणारे. बारसू, उक्षी, कशेळी, देवीहसोळ ही नावं आता लांबच्या लोकांनाही माहीत झाली आहेत, २०२२मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेल्यापासून तर जास्तच. पावसाळा संपून गवत वाळलं की ही माणसं यायला लागतात, आणि त्यांना समुद्राकडे तोंड केलेली खोली नसली तरी चालते. राजापूर तालुक्यात आतल्या गावात घर असलेल्याने हे जरूर लक्षात घ्यावं. ‘समुद्र नाही’ म्हणून तो कायम दर पाडत बसतो, पण या पाहुण्याने समुद्र मागितलेलाच नसतो.

घरून काम करणाऱ्यांचं मात्र सांभाळून. जुलैमध्ये आपल्याकडे वारा सुटला की वीज जाते, आणि विजेपाठोपाठ नेट. इन्व्हर्टर आणि बरी लाईन नसेल तर हा माणूस तुमचं गिऱ्हाईक नाही, कितीही हवासा वाटला तरी. त्याला बोलावलं तर तो परत जाईल आणि खाली एक स्टार देऊन जाईल.

जुलैचं तसंही वेगळंच गणित आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, स्कूबा आणि पाण्यातले खेळ पावसाळाभर बंद. सुरमईच्या फोटोवर भुलून जो जुलैत येईल तो तोंड वाकडं करूनच बसणार. त्याच दिवसांत पाऊस बघायला, फोडशी-टाकळ्याची भाजी, कुळथाची पिठी आणि गरम भात खायला जो येईल तो तुमच्या पडवीतून हलणार नाही. घर तेच, खोली तीच, स्वयंपाक करणारे हातही तेच.

चौकशीचे मेसेज नीट वाचा

नोंदवहीत फक्त आलेल्यांची माहिती असते. न आलेले व्हॉट्सॲपमध्ये असतात. जुने मेसेज उघडून एका बैठकीत वाचून काढा. साधारण असे सापडतील:

“रूम आहे का? रेट बोला.”

“आम्ही ८ जण, २ रूममध्ये ॲडजस्ट करू. बाहेरून जेवण आणलं तर चालेल ना?”

“नमस्कार. बरोबर आई आहे, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. खोली तळमजल्यावर मिळेल का? पायऱ्या किती आहेत?”

“सासूबाई शाकाहारी आहेत, आम्ही मासे खातो. भांडी वेगळी असतात का?”

पहिल्या मेसेजमधून काहीच कळत नाही. दुसऱ्याला जागा हवी आहे, तुमच्या हातचं जेवण नको. जेवणावरच तुमचा फायदा असेल तर हे आठ जण तुमचे नव्हेत. त्यात वाईट वाटण्यासारखंही काही नाही, त्यांच्या सोयीचं घर गावात दुसरं असतंच, नंबर देऊन टाकावा. तिसरा आणि चौथा मेसेज मात्र सोन्यासारखा. या माणसांनी दर विचारलेलाच नाही, आपली धास्ती सांगितली आहे. ज्याची धास्ती तुम्ही घालवू शकता, तो तुमचा.

असे मेसेज पुन्हा पुन्हा येत असतील तर ‘तळमजल्यावर दोन खोल्या, फक्त तीन पायऱ्या, न्हाणीघरात धरायला कठडा’ हे वाक्य माहितीपत्रकात सगळ्यात वर यायला हवं. आणि फोटो? सूर्यास्ताचा फोटो किनाऱ्यावरच्या झाडून सगळ्यांकडे आहे. स्वच्छ न्हाणीघराचा फोटो टाका. मी हे सांगतो तेव्हा लोक हसतात, “संडासाचो फोटो कोण बघतला?” म्हणतात. ज्या सुनेला सासूला घेऊन पाचशे किलोमीटर यायचं आहे, ती सगळ्यात आधी तोच बघते.

निघायच्या दिवशी चहा देताना एक-दोन प्रश्न विचारावेत. “आवडलं का?” हा त्यातला नव्हे, त्यावर सगळे “छान, छान” म्हणतात. विचारायचं ते येण्याआधीचं. बोलणं साधारण असं जातं:

“ताई, हयसर (इथे) यायचं कसं ठरलं तुमचं?”

“काकू, खरं सांगू? आम्ही गोव्यालाच निघालो होतो. सासरे म्हणाले, तिथं माझ्या खाण्याचे हाल होतील.”

“मग?”

“मैत्रिणीने तुमचा नंबर दिला. मी फोन केला तर तुम्ही आधी हेच विचारलंत, आजोबांना तांदळाची भाकरी चालेल की ज्वारीची हवी? तिथंच ठरलं.”

एवढ्या बोलण्यात नियोजनाचा अर्धा भाग आला. स्पर्धा शेजारच्या घराशी नव्हती, गोव्याशी होती. पैसे मुलाने दिले, फोन सुनेने केला, पण होकार-नकार सासऱ्यांच्या हातात होता. नंबर मैत्रिणीकडून आला, जाहिरातीतून नाही. आणि सौदा समुद्रावर ठरला नाही, भाकरीवर ठरला. असे पाच-सहा पाहुणे बोलते झाले की तेच तेच शब्द पुन्हा ऐकू यायला लागतात. ते शब्द जसेच्या तसे उचलून माहितीपत्रकात घाला. ‘अविस्मरणीय अनुभव’ वगैरे माझ्यासारख्या छापखानेवाल्यांनी वर्षानुवर्षं छापलं आहे, त्याने कोणी आल्याचं मी ऐकलेलं नाही.

तो ठरवतो कधी?

गिऱ्हाईक कोण हे कळलं तरी त्याच्यासमोर कधी जायचं हे कळायला हवं. कोल्हापूर ते मालवण दीडशे किलोमीटरच्या आसपास. कोल्हापूरकर गुरुवारी रात्री जेवताना ठरवतो आणि शनिवारी सकाळी गगनबावडा किंवा फोंडा घाट उतरतो. मुंबईकराला पाचशेच्या घरात अंतर आहे, त्याचा सगळा बेत रेल्वेच्या तिकिटावर टांगलेला. १ नोव्हेंबर २०२४पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण १२० दिवसांऐवजी ६० दिवस आधी सुरू होतं. म्हणजे २५ डिसेंबरला कुडाळला उतरणारा माणूस ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात तिकिटासाठी धडपडत असतो, आणि तिकीट हातात आलं की त्याच संध्याकाळी खोली शोधायला बसतो. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याच्यासाठी जाहिरात करून काय मिळणार? त्याचं सगळं ठरून गेलेलं असतं. उलट कोल्हापूर-सांगलीकरांसाठी दोन महिने आधी केलेली जाहिरात तेवढीच वाया.

फेसबुक-इन्स्टाग्रामवर जाहिरात कुठल्या भागात दिसावी हे आपल्याला निवडता येतं. एकच जाहिरात ‘अख्खा महाराष्ट्र’ म्हणून सोडण्यापेक्षा दोन वेगळ्या केल्या, दोन वेगळ्या वेळी, दोन वेगळ्या मजकुरांच्या, तर पैसे तेवढेच लागतात.

चाकरमान्यांना या हिशोबात धरू नका. गणपतीला आणि शिमग्याला येणारा माणूस घरी येतो, पर्यटक म्हणून येत नाही. तो तुमच्या खोलीत राहणार नाही, पण मुंबईत ऑफिसमध्ये तुमचा नंबर वाटणारा तोच.

आंब्याचं जरा वेगळं

खोल्यांच्या बाबतीत राहणारा आणि पैसे देणारा बहुधा एकाच गाडीतून येतात. आंब्यात तसं नाही. हापूसची पेटी वाशीच्या दलालाकडे गेली तर घेणारा वेगळा, ती ऑफिसच्या साहेबाला भेट म्हणून गेली तर वेगळा, आणि पुण्यात सोसायटीत घरी खायला गेली तर आणखी वेगळा.

भेट देणारा आंबा खात नाही. त्याला फळं एकसारखी दिसायला हवीत, खोका देखणा हवा आणि अक्षय तृतीयेच्या आधी पोचायला हवा. दोन दिवस उशीर झाला तर त्याच्या लेखी आंब्याची चव शून्य. घरी खाणाऱ्याला खोक्याचं काही नाही, पण कापल्यावर साका (आतला गर पांढरट, खराब) निघाला तर पुढच्या वर्षी फोन उचलणार नाही. त्यातही घरात माणसं किती? नवरा-बायको आणि एक मूल, त्यांच्या घरी पाच डझनांची पेटी एकदम तयार झाली की अर्धे आंबे शेजारी वाटावे लागतात. हा माणसाचा दोष नाही, मापाचा आहे. दर दहा दिवसांनी दीड-दोन डझन पोचवणारा बागायतदार त्याच्यासाठी देवासारखा.

आणि ज्याच्या घरी आढी, म्हणजे गवतात आंबे पिकत घालणं, कधी लागलीच नाही, त्याला हिरवट फळ दिसलं की तो “कच्चे पाठवले” म्हणून फोटो टाकतो. त्याला गिऱ्हाईक करायचं असेल तर खोक्यात एक कागद घालणं आलं: गवतात कसे ठेवायचे, वासावरून कसे ओळखायचे, फ्रिजमध्ये कधी ठेवायचे. २०१८मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, पण रस्त्यावर परप्रांतातला आंबा ‘देवगड’ म्हणून विकला जातोच, त्यामुळे नवख्या गिऱ्हाइकाच्या मनातला पहिला प्रश्न “खरा आहे ना?” हाच असतो. जुन्या गिऱ्हाइकाला तो प्रश्न नसतो, तो विचारतो, “या वर्षी मोहोर कसा होता?” दोघांना एकच मेसेज पाठवू नये.

नको असलेलं गिऱ्हाईक

मंडणगड तालुक्यातलं वेळास बघा. ऑलिव्ह रिडले कासवांच्या संवर्धनाचं काम चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तिथे २००२मध्ये सुरू केलं, २००६पासून कासव महोत्सव होतो. पाहुणे गावातल्या घरांतच उतरतात, साधं घरगुती जेवण जेवतात. पिल्लं सकाळी किंवा संध्याकाळी समुद्राकडे सोडतात, आणि एखाद्या दिवशी एकही बाहेर येत नाही. आता अशा ठिकाणी किनाऱ्यावर गाणी लावून नाचायला येणारा माणूस कोणाच्या उपयोगाचा? आणि त्याला तरी काय मजा येणार? पहाटे उठून, अंधारात बॅटरी बंद ठेवून, ‘आज नाहीत’ हे ऐकायची तयारी असलेला माणूसच तिथे रमतो. हे आधीच सांगितलं की बाकीचे आपणहून गळतात, कोणाला ‘नाही’ म्हणायची वेळ येत नाही. कोकणी माणसाला तोंडावर नाही म्हणणं जड जातं, म्हणून लिहून ठेवलेलं बरं.

याला दुसरी बाजूही आहे. अँड्र्यू एरेनबर्ग यांनी लोक काय आणि किती वेळा घेतात याचा आयुष्यभर अभ्यास केला. साबण, चहा अशा वस्तूंचा खप मूठभर निष्ठावंतांवर वाढत नाही, क्वचित घेणाऱ्या असंख्य लोकांवर वाढतो, असं त्यातून दिसलं. म्हणून कोकम सरबताची बाटली मुंबईतल्या दुकानादुकानांत ठेवायची असेल तर ‘आपलं गिऱ्हाईक फक्त अमुकच’ असं आखडून बसू नये, तिथे जितक्यांना दिसेल तितकं चांगलं. पण चार खोल्यांच्या घराला असंख्य लोक हवेतच कशाला? ८४ रिकाम्या रात्रींपैकी ३० भरल्या तरी घरातल्या बाईला मदतनीस ठेवता येईल.

एवढं सगळं झाल्यावर कागदावर चार-पाच ओळी उतरायला हव्यात, जास्त नाहीत. उदाहरणार्थ: ‘सांगली-कोल्हापूरचं कुटुंब, बरोबर एक वयस्क माणूस, आठवड्याच्या मधल्या दिवसांत, दोन रात्री. धास्ती पायऱ्यांची आणि जेवणाची. फोन सून करते. ठरतं तीन-चार दिवस आधी.’ या ओळींवर पाटीपासून फोटोपर्यंत सगळं ताडून बघायचं. मग दोन महिने लाईक मोजू नका, चौकशीचे मेसेज मोजा, त्यातही ‘रेट बोला’ किती आणि ‘पायऱ्या किती’ किती हे वेगळं मोजा. दुसरे वाढले नाहीत तर ओळी चुकल्या, पुन्हा वहीकडे. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये मेसेजना लेबल लावता येतं, त्यामुळे मोजणी फार जड नाही. मात्र आलेल्या प्रत्येकाचा नंबर न विचारता जाहिरातीच्या यादीत टाकू नका. २०२३च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्याचा रोख संमती घेण्यावर आहे, आणि तसंही रोज सकाळी ‘शुभ सकाळ’ पाठवणाऱ्याला लोक ब्लॉक करतात.

या ओळी दर हंगामानंतर तपासाव्या लागतात, कारण माणसांच्या यायच्या वाटाच बदलतात. जानेवारी २०२३पासून उत्तर गोव्यातला मोपाचा विमानतळ सुरू झाला, त्याच वर्षी जूनमध्ये मुंबई-मडगाव वंदे भारत धावू लागली. शिरोडा-वेंगुर्ल्याच्या घरांना आता बंगळुरू-दिल्लीहून विमानाने उतरणारा पाहुणाही दारात मिळू शकतो. तो आपला की नाही हे ठरवताना खोली कशी आहे हे नंतर बघू. आधी घरात हिंदी-इंग्रजीत फोन कोण उचलणार, आणि मोपाला रात्री साडेदहाला गाडी घेऊन कोण जाणार, ते ठरवा.